गोल्ड कार्डासाठी नागपूर

माझ्याकडे एका विमान कंपनीचं गोल्ड कार्ड आहे. हे तोंडानं सांगावं लागत नाही, कारण त्यासोबत आलेला सोनेरी टॅग मी बॅगेला लावतो, आणि ती बॅग घेऊन भाईंदरच्या केबिन रोडच्या बाजारात चादरी आणायलासुद्धा गेलेलो आहे. "तिथं कोण तुला रांग सोडून आत घेणार आहे?" असं बायकोनं विचारलं होतं. मला तिचाच राग आला.

मी पंप विकतो. कामासाठी वर्षभर विमानानं फिरतो. वर्षात ठरावीक उड्डाणं झाली की गोल्ड मिळतं. मग वेगळी रांग, विमानात सगळ्यांच्या आधी प्रवेश, लाउंजमध्ये फुकट नाश्ता, शिवाय दर उड्डाणाला पॉइंट, जे साठले की त्यांवर फुकट तिकीट निघतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला कुठं आधी आत सोडलं नव्हतं, म्हणून ते माझ्या डोक्यात गेलं असं मी स्वतःला समजावतो. खरं तर मला मिरवायला आवडतं.

पण हे गोल्ड दर वर्षी नव्यानं कमवावं लागतं. मागच्या वर्षी डिसेंबर अर्धा सरला तरी माझी दोन उड्डाणं कमी होती आणि ऑफिसचा एकही दौरा शिल्लक नव्हता. पॉइंटवरचं उड्डाण मोजत नाहीत, तेव्हा मी खिशातले पैसे घालून स्वस्तात स्वस्त जायचं-यायचं तिकीट शोधलं. निघालं नागपूरचं. शनिवारी सकाळी जायचं, तीन तास थांबून परत यायचं. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे.

नागपूर ऐकलं आणि वडील पलंगावर उठून बसले. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध. वडिलांनी उभा जन्म भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात काढला. आधी सुट्टी नव्हती, मग पैसे नव्हते, मग गुडघे गेले, आणि दीक्षाभूमी बघायची राहिली ती राहिलीच. रेल्वेत रात्रभर बसणं त्यांना जमत नाही. "विमानानं नेतो, पॉइंट आहेत माझ्याकडे," असं मी तीन वर्षं सांगत होतो. पॉइंट होतेही. ते मी पुढची ऐसपैस सीट घ्यायला उडवत होतो.

"या टायमाला मला नेतोस का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मीटिंग आहे. तुम्हाला कुठं बसवून ठेवू?"

त्यांना ते लगेच पटलं. माझं काहीही त्यांना लगेच पटतं. निघताना त्यांनी मेणबत्त्यांचं पाकीट आणि अगरबत्तीचा पुडा हातात दिला. "टाइम मिळाला तर माझ्या नावानं लाव. काडेपेटी नाही दिली, विमानात चालत नाही म्हणे. तिथं घे."

नागपूरच्या विमानतळावरून दीक्षाभूमी टॅक्सीनं अर्ध्या तासाच्या आत. मी फोनवर बघितलं होतं. पण वाटेत अडकलो आणि परतीचं विमान चुकलं तर? एक उड्डाण कमी पडलं की गोल्ड गेलं. म्हणून मी विमानतळाच्या बाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. लाउंजमध्ये बसून उपमा खाल्ला, दोनदा कॉफी घेतली. मेणबत्त्या आणि अगरबत्ती कचऱ्यात टाकायला हात होईना, म्हणून तिथल्या सफाईवाल्या बाईंना देऊन टाकल्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं, घरी लावीन." तेवढं ऐकून मला हलकंही वाटलं, इतका मी निर्लज्ज.

संध्याकाळी घरी आलो तर वडील दाढी करून, पांढरा शर्ट घालून बसले होते.

"लावली?"

"लावली."

"गर्दी होती?"

"नव्हती फार."

"आन् पिंपळ? खाली बसलास का जरा?"

"बसलो दोन मिनिटं."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी मला उभं केलं. कामाच्या गडबडीतून पोरगा दीक्षाभूमीला जाऊन आला, असं सगळ्यांना सांगितलं. मी फोनवर पाहिलेल्या फोटोंवरून घुमटाचं वर्णन केलं. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. चांगलं बोलतो मी, पंप असेच विकले जातात.

जानेवारीत गोल्ड कायम झाल्याचा मेल आला. त्या दिवशी मी पहिल्यांदा वडिलांसाठी पॉइंट मोजले. मी वडिलांना म्हणालो, "बाबा, मार्चमध्ये आपण दोघं नागपूरला जाऊ. सगळं पॉइंटवर होईल, व्हीलचेअरही सांगतो."

ते हसले. "आता कशाला रे? तू माझ्या नावानं डोकं टेकवून आलास, म्हंजे मीच जाऊन आलो. माझं काही राहिलं नाही आता. ते पॉइंट पोरांना ठेव."

मी खूप आग्रह केला. ते ऐकेनात, आणि त्यांना तयार करील असं एकच वाक्य माझ्याकडे होतं. मी तिथं गेलोच नव्हतो, एवढं बोललो असतो तर ते रागावले असते, कदाचित रडलेही असते, पण दुसऱ्या दिवशी बॅग भरून तयार झाले असते.

मार्च गेला. त्यांना आता जिनासुद्धा उतरवत नाही. ते वाक्य मी अजून बोललेलो नाही.