तेराव्याचा फोटो

माझ्या कॅमेऱ्यात माझ्या बायकोचा एकही नीट चेहरा नाही, हे ती गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. गंगापूरहून आलेली माझी थोरली बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो लागंल. एखादा चांगला काढून दे, फ्रेम करायला टाकू." मी हो म्हणालो. माझ्यासारख्याला ती काय अवघड गोष्ट, असं तिलाही वाटलं असणार आणि मलाही वाटलं.

मी आयुष्यभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं. निवृत्त झाल्यावर मला शहरातल्या जुन्या दरवाज्यांचे फोटो काढायचे होते. इतिहासाची पुस्तकं चाळताना हे दरवाजे नेहमी नजरेखालून जात. प्रत्यक्षात त्यांच्याखालून रोज जात असूनही मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. कॅमेरा घेतला, साधा मिररलेस. पण पहिल्याच रविवारी कळलं की दरवाज्यासमोर मागे सरकायला जागाच नसते. दोन पावलं मागे गेलं की भिंत, हातगाडी, नाहीतर पंक्चरवाल्याची टपरी. कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्समधून अर्धी कमान दिसायची. रुंद दृश्य एका फ्रेममध्ये मावेल अशी लेन्स हवी होती. कॅमेऱ्याच्या कंपनीची होती ती माझ्या आवाक्याबाहेरची. मग एक स्वस्तातली मॅन्युअल अल्ट्रा-वाइड मागवली.

तिची काच बैलाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली होती. कॅमेऱ्याला लावली आणि बटण दाबलं तर पडद्यावर सूचना आली की लेन्स लावलेली नाही. मी चष्मा वर-खाली करत मेनू शोधत राहिलो. बायको शेजारी शेंगा सोलत बसली होती. ती वाकून बघायला आली आणि हसायलाच लागली. "एवढी मोठी लावलीय समोर अन् तो म्हणतोय लेन्सच नाही! तुमच्यासारखाच आहे की. समोरची वस्तू दिसत नाही."

अशा लेन्सला कॅमेरा ओळखत नाही. त्याला सांगून ठेवावं लागतं की लेन्स दिसली नाही तरी फोटो काढ. बाकी सगळं हातानं करायचं. पण एकदा जमलं की ते फार सोपं असतं. उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची कडी आठवर, अंतराची कडी दीड मीटरच्या आसपास, आणि मग तिला हात लावायचा नाही. पायाजवळच्या दगडापासून आकाशापर्यंत सगळं स्पष्ट येतं. कडीवरच्या खुणा खऱ्या नव्हत्या, त्या थोड्या पुढे-मागे होत्या. खरी जागा सापडल्यावर बायकोनं तिथं नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला.

नंतर आम्ही रविवारी सकाळी पुंडलिकनगरहून स्कूटरवर निघायचो. भडकल, मकई, काळा, रंगीन, असा दर वेळी एकेक दरवाजा. मी मध्यभागी उभा राहून कॅमेरा सरळ धरायचो, कारण या लेन्समध्ये कॅमेरा जरा वर केला की मिनार आतल्या बाजूला कलंडतात. ती कडेला स्कूटरजवळ उभी राहून रहदारी बघायची. "थांबा, रिक्षा येतेय. अजून एक. हं, आता काढा." एकदा एक रिक्षावाला मुद्दाम थांबून म्हणाला, "चाचा, मेरा भी निकालो." ती म्हणाली, "निकालेंगे, पण मग बाजूला व्हा." त्याचा फोटो आहे. अगदी हसरा, स्पष्ट.

तिचा नाही. तिला फोटो काढून घेणं आवडायचं नाही. मोबाइल समोर धरला की ती हात आडवा धरायची. लग्नाकार्यात घोळका जमला की ती मोबाइल हातात घेऊन स्वतः काढणारी व्हायची. एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, तो दिसतो म्हणायची. माझ्या कॅमेऱ्याची मात्र तिला भीती नव्हती. मी कमानीकडे बघतोय, कॅमेरा कमानीकडे आहे, म्हणजे आपण त्यात नाही, असं तिला वाटायचं. तिच्या जागी कुणालाही वाटेल. ही लेन्स किती बाजूचं आत ओढते याचा अंदाज शेजारी उभ्या माणसाला येत नाही.

म्हणून ती जवळजवळ प्रत्येक फोटोत आहे. अगदी कडेला. आणि कडेला ही लेन्स सगळं ताणते. मी एकेक फोटो मोठा करून पाहत गेलो. एकात तिचं डोकं भोपळ्यासारखं लांबलेलं, एकात खांदाच हातभर रुंद. एकात फक्त पदर आणि स्कूटरचं हँडल. हे सगळे फोटो मी पूर्वीही पाहिले होते, पण कमान सरळ आली का एवढंच तपासत होतो. आता कमानी मला दिसतच नव्हत्या.

बहीण मागे येऊन उभी राहिली. तिनं दोन-तीन पाहिले.

"आरं, इतकी वर्षं फोटो काढतूस अन् बायकोचा एक धड नाय?"

"लग्नाचा आहे."

"लग्नातला ठेवला तर लोक म्हणतील कुणाची पोर गेली." मग ती म्हणाली, "आधार कार्डावरचा?"

तो आम्ही काढून बघितला. त्यात ती घाबरलेली दिसत होती. बहिणीनंच कार्ड परत पाकिटात ठेवलं.

मध्यभागी असलेला एकच फोटो सापडला. मकई दरवाजा, पुलावरून काढलेला. त्या दिवशी कमानीच्या पलीकडून गाड्यांचा लोंढा येत होता, म्हणून ती तो थोपवायला पलीकडे गेली होती. कमानीच्या पोकळीत, उजेडात उभी आहे. सरळ, न ताणलेली, हिरव्या साडीत. पण ही लेन्स मधल्या वस्तूला दूर ढकलते. वीसेक पावलांवरचा माणूस मुंगीएवढा होतो. मोठं करत गेलो तसा तिचा चेहरा तांबूस चौकोनांचा झाला.

गारखेड्यातल्या एका स्टुडिओत घेऊन गेलो. स्टुडिओवाला माझ्याच वयाचा होता, पासपोर्टचे फोटो कापत बसला होता. त्यानं ऐकून घेतलं, कात्री बाजूला ठेवली. "सर, आता सॉफ्टवेअर आलंय. चेहरा भरून देतं. तुम्ही चहा घ्या." चहा संपायच्या आत त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. हिरव्या साडीतली एक बाई माझ्याकडे बघून हसत होती. कातडी गुळगुळीत, भुवया कोरलेल्या, दात एका रांगेत.

"हे दात हिचे नाहीत," मी म्हणालो.

"सर, मूळ फोटोत दातच नाहीत. मशीन कुठून आणणार?" त्याचा आवाज मऊ होता. "बहुतेक लोक हेच घेऊन जातात. घरच्यांना बरं वाटतं."

मी दोन्ही छापून घेतले. तो चेहरा, आणि पूर्ण दरवाज्याचा फोटो, वहीच्या उघड्या दोन पानांएवढा. फ्रेम मात्र एकालाच करायची होती. घरी बहिणीनं दोन्ही पलंगावर ठेवून पाहिले. चेहऱ्यावरून तिनं हात फिरवला.

"ब्येस आलाय की. हाच लाव."

"ती अशी होती का?"

"नसंल एवढी. पण बाई तर दिसतीय. ह्याच्यात," तिनं दुसऱ्या फोटोकडे बोट केलं, "लोक फुलं कुणाला वाहतील? दरवाज्याला?"

तिचा प्रश्न बरोबर होता. पण त्या हसऱ्या बाईला माझ्या घरात, माझ्या बायकोच्या जागी बसवायचं, लोकांनी तिला नमस्कार करायचा, आणि हळूहळू मलाही तिचाच चेहरा आठवायला लागायचा, हे मला सहन होईना. माझी स्मरणशक्ती मला ठाऊक आहे. भिंतीवर जे असेल ते जिंकणार. मी दरवाज्याचा फोटो फ्रेमला दिला. तेराव्यापर्यंत बहीण माझ्याशी "जेवायला ये" एवढंच बोलत होती.

तेराव्याला पाटावर फ्रेम ठेवली, हार घातला. हार कमानीवरून दोन्ही बाजूंना उतरला तो बरा दिसत होता. लोक येत, हात जोडत, मग थबकत. कुणी चष्मा लावून वाकत. ती नोकरीला होती त्या शाळेतल्या एक बाई गुडघ्यांवर बसून काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हो, त्याच. उभं राहायची पद्धत तीच." ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. आपण बरोबर केलं असं वाटलं.

मग बहीण हळद-कुंकवाची कुयरी घेऊन आली. माझी बायको सवाष्ण गेली, म्हणून फोटोतल्या कपाळाला कुंकू लावायचं होतं. आमच्याकडे ते घरातल्या थोरल्या बाईनं लावायचं असतं. तिनं आधी हळदीचं बोट फ्रेमच्या कडेला टेकवलं. मग करंगळी कुंकवात बुडवली, फोटोजवळ नेली, आणि तिचा हात हवेतच राहिला. ती कपाळ शोधत होती. कपाळ तिळापेक्षाही लहान होतं.

"कुठं लावू रे?" तिनं मागे न वळता विचारलं.

"अंदाजानं लाव."

तिनं बोट टेकवलं. बोट उचललं तेव्हा माझी बायको झाकली गेली होती. खाली साडीचा हिरवा काठ तेवढा उरला होता. बहिणीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती पदराचं टोक पुढे करून काच पुसणार होती, पण लावलेलं कुंकू पुसायचं कसं, हे बहुधा तिच्याच मनात आलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि त्या तेरा दिवसांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली.

तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बाईनं फूल हातात धरून विचारलं, "कुठायत ह्या?"

"कुंकवाखाली," मी म्हणालो.

बाईनं फूल काचेच्या पायथ्याशी ठेवलं आणि पुढे गेली. तिच्यामागच्यांनीही फुलं तिथंच ठेवली. जेवणं झाली, पानं उचलली, लोक गेले. संध्याकाळी बहीण गंगापूरच्या गाडीत बसताना म्हणाली, "तो चेहऱ्याचा पण फ्रेम करून ठेव. निदान वर्षश्राद्धाला तरी." मी बघू म्हणालो.

चेहऱ्याचा फोटो कपाटात आहे, पालथा. भिंतीवर दरवाजा आहे. कुंकू वाळलं, त्याला बारीक भेगा पडल्या, कडेचे कण गळाले. ओल्या कापडानं एकदा पुसलं तर खाली ती आहे, उभी. कापड घेऊन मी दोनदा त्याच्यासमोर जाऊन आलो आहे. सवाष्णीच्या कपाळाचं कुंकू नवऱ्यानं कसं पुसावं, ते मला जमलेलं नाही.