पगारी माणसानं आधी उतरावं

तलावातली बेशरमाची झुडपं तोडायला सगळे मासेमार कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. बाबुलालभाऊ मधेच कानावरची विडी पेटवायला थांबले, म्हणून मी काठच्या पाळीवरून शिट्टी मारली. ऐकू गेली नसेल असं वाटून आणखी एकदा मारली. भाऊंनी विळा खांद्यावर टाकला, पाण्याबाहेर आले आणि पाळीवर बसले. त्यांच्यामागं सगळे मासेमार बाहेर.

मी संस्थेचा समन्वयक, नोकरीला महिना झालेला. आमच्या तलाव समितीत पगारी दोघंच: मी आणि मत्स्यतज्ज्ञ तबस्सुम मॅडम. बाकी मूल तालुक्यातले मासेमार, फुकट राबणारे. ‘फुकट’ हा शब्द भाऊंसमोर काढायचा नाही. रोजीला ते फाटक्या बनियनवर जातात. श्रमदानाला मात्र पोरीच्या लग्नातला पांढरा सदरा घालतात, आणि चिखल लागलाच तर चिखलाकडं रागानं पाहतात.

“शिट्टी रोजीच्या माणसाले मारते,” भाऊ म्हणाले. “आमी रोजीवर नाई. रोजीवर तुमी दोघं आहा. तं उतरा.”

दुसऱ्या दिवशी मत्स्यबीज येणार होतं. बीज सोडायचा कोपरा साफ झाला नाही तर गाडी परत, आणि वर्षभर जाळ्यात नुसतं पाणी. भाऊंच्याही जाळ्यात. तरी ते बसून राहिले.

मॅडमनी सलवार खोचली. मी पँट दुमडली. त्या पाण्यात दुमडीचा काही उपयोग नव्हता. पाळीवरून शेरे सुरू झाले.

“मॅडम बरी तोडते. पोरगा गुदगुल्या करून राह्यला.”

“शिकलेला हाय ना. झाडाले विचारून तोडते.”

शेवटी भाऊंच्या बायको कुंताबाई उठल्या. “मान झाला असन तं उठा आता,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “उद्या बीज का तुमच्या सदऱ्यात सोडाचं हाय?” त्या उतरल्या, मग सगळे उतरले. भाऊ सगळ्यात शेवटी, सदरा सावरत.

अंधार पडायच्या आत कोपरा मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, बीज सुटलं. मी भाऊंची माफी मागितली आणि वर म्हणालो, “मीही राबलोच की तुमच्यासोबत.”

“ते पगारात गेलं,” भाऊ म्हणाले. “सुट्टीच्या दिशी ये एकडाव. मंग बरोबरी.”

त्या रविवारी मामाकडं चामोर्शीला जावं लागलं. पुढच्या रविवारी अंग दुखत होतं. आता सोमवारी तलावावर गेलो की भाऊ जाळ्याची गाठ सोडवता सोडवता विचारतात, “आज कोन्ता वार हाय, साहेब?”

मी सांगतो. ते मान हलवतात आणि पुढची गाठ धरतात.