कुत्र्याच्या नावाची ओळ

व्हर्जिल टॅनर कोटाच्या खिशात कुत्र्यांसाठी उकडलेल्या कलेजीचे तुकडे बाळगायचा. फोटो काढताना गुडघ्यावर बसायचा. आधी कुत्र्याचं नाव विचारायचा, मग मालकाचं. आणि फोटोमागे पेन्सिलीने त्याच क्रमाने लिहायचा. तो ओहायोतल्या एका छोट्या दैनिकाचा फोटोग्राफर होता; तिथे नवीन लागलेली लॉइस त्याला हसायची.

चौपन्न सालच्या जत्रेत प्रुइटबाई त्यांचा 'ड्यूक' घेऊन आल्या. कुत्र्याचा फाटका कान पाहून व्हर्जिल थबकला.

"पिल्लू असल्यापासून तुमच्याकडेच आहे का हो?"

"मग काय चोरून आणलाय? फोटो काढायचा तर काढा!"

त्याने फोटो काढला. मग हळूच म्हणाला, "बस्टर." कुत्रा शेपटी हलवत उठला. बाईंनी पट्टा आवळला.

"म्हाताऱ्या ओट्सचा बस्टर हरवून वर्ष झालं," परतताना तो लॉइसला म्हणाला. "त्याचा फोटो पूर्वी काढलाय मी. निगेटिव्ह शोधतो. कान जुळला की ओट्सला कळवू."

"आणि नाही जुळला तर?"

"तर बाईंच्या शिव्या खायला तू जा, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निगेटिव्हच्या कपाटापुढेच हृदय थांबून तो गेला. दुपारी लॉइसने त्याच्या टेबलावरचा जत्रेतला फोटो उलटला. मालकिणीचं नाव लिहिलेलं होतं. त्याच्या वरची, कुत्र्याच्या नावाची ओळ कोरी होती.