बॉनेटवरचा हात

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटले की लोक खून आणि दरोड्यांबद्दल विचारतात. मला मात्र वारंवार आठवते ते असे प्रकरण, ज्यात गुन्हाच घडला नव्हता.

मी तेव्हा धाराशिव शहरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. उन्हाळा तापला होता. सकाळची हजेरी आटोपून मी बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदाराने दोन माणसे आत पाठवली. एक बी-बियाण्यांचा दुकानदार, वय चाळिशीच्या आसपास. दुसरा त्याचा शेजारी, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि दोघांना एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायची होती.

दुकानदाराचे म्हणणे असे की त्याने जुनी कार घेतली होती आणि ती दारात उभी असताना भर दुपारी तिचा अलार्म वाजतो, रिमोटने बंद केला तरी पुन्हा सुरू होतो. शेजारी मुद्दाम गाडीला धक्के देतो, खडे मारतो.

कंडक्टर म्हणाला, "साहेब, आमच्या मंडळींचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनं सांगितलंय, दचकू देऊ नका. अन् हे नेमकं दुपारी, ती जरा आडवी झाली की भोंगा वाजवतेत. रिमोट यांच्याच हातात हाय न्हवं?"

दोन्ही तक्रारी अदखलपात्र. अशा वेळी दोघांना समज द्यायची, न ऐकल्यास प्रतिबंधक कारवाई करायची. मी समज दिली. चौथ्या दिवशी दोघे पुन्हा हजर. या वेळी कंडक्टरच्या सदऱ्याची बाही फाटलेली होती.

मी दुकानदाराला आधी गाडी दाखवून घ्यायला सांगितले. मेकॅनिकने रिमोटमधला सेल बदलला, बॅटरी तपासली. मांजर उडी मारून गेले तरी अलार्म वाजू नये म्हणून धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता कमी केली. दुसऱ्या दुपारी अलार्म वाजलाच. मग मी साध्या वेशातला शिपाई समोरच्या कट्ट्यावर बसवला. त्याने येऊन सांगितले, "साहेब, गाडीजवळ चिटपाखरू नव्हतं. आपोआप वाजली. म्हातारा नंतर घरातनं बाहेर आला, तवा मी लगेच तुम्हाला सांगायला निघालो."

"चहाला गेला असशील."

"न्हाय साहेब, आईशपथ."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आपोआप काही वाजत नसते, त्यामागे माणूस असतो, ही माझी नोकरीतली समजूत. शिवाय माझ्यापुढे एकमेकांवर दात खाणारी दोन माणसे असताना तिसरे कारण शोधावेसे मला वाटलेच नाही. पण दोघांतला खोटारडा कोण, हे काही केल्या कळेना. दुकानदार बोलू लागला की तो खरा वाटे, कंडक्टर बोलू लागला की तो.

अशात त्या गल्लीत इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्या बाई ठाण्यात आल्या. "माझं नाव कुठं घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "पर गाडी वरडायला लागली की म्हातारा तिथंच दिसतो. बॉनेटवर हात दाबून उभा असतो. म्या दोनदा बघितलंय."

मला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कंडक्टरला बोलावून घेतले. लेखनिक हवालदार कागद घेऊन बसला.

"गाडीला हात लावता का?"

"व्हय."

"रोज?"

"वाजली की लावतो."

"हात लावू नका म्हणून त्यांनी बजावलं होतं ना?"

"बजावलं होतं. पर साहेब..."

मी हवालदाराला खूण केली. त्याने 'होय' लिहून पुढे पूर्णविराम दिला. त्यानंतर मी म्हाताऱ्याला बाकावर बसवून ठेवले. तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. "साहेब, मला लवकर सोडा. ऊन चढाय लागलंय," असे दोनदा म्हणाला. सुटका करून घ्यायचे बहाणे मी पुष्कळ ऐकले होते. मी दुसऱ्या फायलीत डोके घातले.

साडेबाराच्या पुढे दुकानदाराचा फोन आला. "साहेब, गाडी वाजायला लागली!"

मी बाकाकडे पाहिले. ज्याच्यावर आरोप, तो माणूस माझ्यासमोर बसलेला होता. फोनमधला भोंगा त्यालाही ऐकू गेला असावा. तो ताडकन उठला. "साहेब, घरात ती एकटी हाय."

आम्ही जीपने पोहोचलो तेव्हा त्याची बायको गाडीच्या पुढच्या चाकाशी पडली होती. दुकानदाराची बायको तिच्या तोंडावर पाणी मारत होती. दुकानदार रिमोट हातात घेऊन नुसता उभा. "मी घरातनं बाहेर आलो तर काकू दोन्ही हात बॉनेटवर दाबून उभ्या," तो म्हणाला. "मी वरडलो, काय करताय म्हणून. तशा त्या खालीच बसल्या." तापलेल्या पत्र्याने तिचे तळवे लाल झाले होते.

दुकानदाराने तिला त्याच गाडीत घातले आणि गाडी सरकारी दवाखान्याकडे पळवली. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले, जिवाचा धोका टळला. तोवर आम्ही तिघे व्हरांड्यात एकाच बाकावर बसून होतो. तेव्हा कुठे मी विचारले, "तुम्ही बॉनेटवर हात का ठेवत होता?"

"दाबलं की गप बसती ती," कंडक्टर म्हणाला. "एकदा रागानं बुक्की मारली, तवा बंद पडली. मग ध्यानात आलं. म्हणून वाजली की जायचो, दाबून धरायचो. मंडळींनाबी सांगून ठेवलं होतं."

दुकानदार हतबुद्ध झाला. "मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी म्हणालात, परत गाडीला शिवलात तर हात मोडीन. अन् साहेबांनी हात लावता का इचारलं. कशापायी, ते इचारलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावून मी स्वतः गाडीपाशी उभा राहिलो. या वेळी त्याला कुठे बघायचे ते सांगता आले. बॉनेटखाली एक लहान बटण असते. बॉनेट बंद असले की ते दाबलेले राहते, सुटले की कुणी बॉनेट उघडले असे समजून अलार्म वाजतो. आधीच्या मालकाकडे असताना गाडी कुठेतरी धडकली होती. डेंटिंगनंतर बॉनेट पुरते बसत नव्हते आणि बटणावरचे रबरही झिजले होते. पत्रा तापला की जेमतेम टेकलेले बटण सुटे. म्हणून सकाळी सावलीत काही नाही आणि दुपारी उन्हात भोंगा. रबर बदलून बॉनेट नीट बसवायला अर्धा तासही लागला नाही.

दोन्ही तक्रारी मागे घेतल्या गेल्या. स्टेशन डायरीत मी 'तांत्रिक बिघाड' अशी नोंद केली. आठवड्याने कंडक्टरच्या पत्नींना दवाखान्यातून घरी सोडले, तेव्हा मी माफी मागायला गेलो. हातांना मलम लावलेले होते. मी बोलायच्या आधीच त्यांनी विचारले, "साहेब, यांना परत ठाण्यात नेणार न्हाय न्हवं?"

मी नाही म्हणालो आणि हात जोडले.

खोटे बोलणाऱ्याकडून खरे काढायचे शिक्षण आम्हाला मिळते. त्या म्हाताऱ्याने मात्र पहिल्या प्रश्नापासून खरे सांगितले होते आणि त्याचे खरे मी अर्ध्यावर तोडून त्याचा कबुलीजबाब करून ठेवला. शिपायाने खरे सांगितले, तेही मी ऐकले नाही. पुढे नवीन उपनिरीक्षक हाताखाली आले की मी त्यांना एवढेच बजावत असे: समोरचा 'होय' म्हणाला की कागद मिटू नका. तो कशासाठी होय म्हणाला, ते विचारा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबा.