तीन मीटरची खडूची रेघ

प्रभाकर काका बाथरूममध्ये घसरून पडले नव्हते.

ते गेले त्या दिवशी मी इथे तसं लिहिलं होतं. ऐकीव होतं. खात्री केली नाही.

ती पोस्ट डिलीट करणार नाही. शाळेत जायच्या आधी आत्याने मला घरीच लिहायला शिकवलं. तिचा नियम होता, चुकलं तर खोडायचं नाही. एक रेघ मारायची आणि बरोबर ते बाजूला लिहायचं. जुनं वाचता आलं पाहिजे.

तर बरोबर ते लिहिते.

काकांनी आयुष्यभर पंडरीच्या कापड बाजारातल्या दुकानात कापड मोजलं. लकव्याने डावा पाय कमजोर झाला आणि ते आमच्या फिजिओथेरपी ओपीडीत आले. मी पीजीच्या शेवटच्या वर्षाला. थिसिससाठी पेशंट हवे होते. काकांनी संमतीच्या फॉर्मवर सही केली.

दोन ग्रुप होते. एकाला तोल सांभाळायचे नवे व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचेच. कोण कुठे, ते बंद पाकिटातून ठरायचं. काकांच्या पाकिटात नेहमीचे निघाले.

टेस्ट मात्र सगळ्यांची एकच. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मी बाजूला स्टॉपवॉच घेऊन.

"तीन मीटर? अर्ध्या साडीएवढं चालाले डॉक्टर लागते का, पोट्टे?"

सगळी ओपीडी हसली.

एकदा फोमच्या गादीवर उभ्या असलेल्या पेशंटकडे बघून म्हणाले, "त्याले नवं शिकवता. मले काहून नाही?"

"तुम्हालाही शिकवणार काका. स्टडी संपला की."

"हव. थांबतो."

दुसऱ्या टेस्टला त्यांना दोन सेकंद कमी लागले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "काका, पास!"

"मंग हेच घरी करू का?"

मी फॉर्मवर आकडा भरत होते. मान वर न करता म्हटलं, "हव काका."

हव.

ती टेस्ट होती. उपचार नव्हता.
टेस्टच्या वेळी सावरायला मी शेजारी असते. घरी कोण होतं?

तेरवीनंतर भेटायला गेले. काकूंनी मला व्हरांड्यात नेलं. प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्यापासून फरशीवर दुकानातल्या निळ्या खडूची रेघ, टोकाला फुली.

मी मोजली नाही. काकांनी मोजलेले तीन मीटर तीनच असणार.

"रोज करत होते," काकू म्हणाल्या. "मले घड्याळ धराले लावत. त्या दिवशी म्हणे, आज जल्दी करतो, बुधवारी पोट्टीले दाखवाचं आहे. वळले न पडले."

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मग न्यूमोनिया. काका परत उभे राहिले नाहीत.

काकूंनी चहा दिला. विचारलं, "तुहा अभ्यास झाला का पूरा?"

मी चहा संपवला आणि निघाले.

काल काकूंना फोन करून सगळं सांगितलं. त्या 'हव'सकट. हे लिहू का, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहून टाक." फोन ठेवला.

गाइड सरांना आधीच सांगितलं होतं. सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "घरी पडले ना? आपल्या व्यायामाने नाही. ड्रॉपआउट लिही. सबमिशन जवळ आलंय."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे. 'ड्रॉपआउट. कारण: वैयक्तिक.'

त्यावर एक रेघ मारणार आहे. बाजूला लिहिणार आहे, 'टेस्ट घरी करायला मी हो म्हटलं. ती करताना पेशंट पडले. नंतर मृत्यू.' खाली सही. आणि हेच एथिक्स कमिटीला लेखी देणार आहे.

थिसिस जाईल, वर्षही जाईल कदाचित. भीती वाटते. आणि याने काकांना काहीही मिळणार नाही, हेही कळतं. नवे व्यायाम त्यांना शिकवायचे राहिले ते राहिलेच.

काका, तुम्ही नापास झाला नाहीत. तुम्हाला नमस्कार.

तुमच्या फॉर्मवर शेवटच्या टेस्टची तारीख येत्या सोमवारची आहे.

मी सोमवारी तो फॉर्म घेऊन कमिटीकडे जाते.