खेडेकरांची शेवटची ऑर्डर

भानुदास खेडेकर गेले तेव्हा गणेश चतुर्थी आठवड्यावर आली होती, आणि दुबई-शारजातल्या निम्म्या मराठी घरांच्या मोदकांची ऑर्डर त्यांनी घेऊन ठेवली होती. माणसाने जायचं तरी वेळकाळ बघून जावं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर "वहिनी, पुढच्या खेपेला तुम्हाला विचारून जाईन," असं म्हणून मोकळे झाले असते. आमचं बोलणं नेहमी असंच चालायचं.

आम्ही अल कुसैसला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. खेडेकर चौथ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. मी सुनेत्रा, त्यांच्या मोदकांचं पहिलं गिऱ्हाईक, आणि त्यांच्या मोदकांची पहिली तक्रारही माझीच.

गुहागरहून हा माणूस आला तो अबू धाबीकडच्या रुवैसच्या एका कामगार कॅम्पात, मेसचा स्टोअरकीपर म्हणून. कांदे-बटाटे मोजून आचाऱ्यांच्या हवाली करायचे, एवढंच काम. एकदा तापाची साथ आली, आचारी आडवे झाले आणि सगळ्या कॅम्पाची डाळ खेडेकरांनी शिजवली. आयुष्यात त्याआधी चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. "कशी झाली होती?" असं मी विचारलं तर म्हणाले, "वाईट. पण गरम होती आणि वेळेवर होती." त्यांच्या पुढच्या सगळ्या धंद्याचं मर्म मला तरी या उत्तरात दिसतं. मग हळूहळू स्वयंपाक शिकले, ओळखी केल्या आणि मुहैस्नाहला कामगारांच्या वस्तीला लागून स्वतःचं किचन काढलं. पहाटे तिथून डाळ, भात, चपात्या कॅम्पांत जायच्या. मालक झाल्यावरही अंगावरचा एप्रन काही सुटला नाही. उंटांच्या देशात राहून उंटावरून शेळ्या कधी हाकल्या नाहीत त्यांनी. ज्या एप्रिलात पावसाने दुबई पाण्याखाली गेली, त्या वेळी किचनमधल्या पोरांबरोबर व्हॅन ढकलत जेवण पोचवून आले. लिफ्ट बंद होती. चौथा मजला काही झेपेना, तेव्हा आमच्याच दारात बसकण मारली आणि म्हणाले, "यल्ला, चला वहिनी, चहा टाका. माझं घर अजून फार लांब आहे."

आणि घर म्हणजे त्यांचा जीव. रुवैसच्या वर्षांत त्यांची बायको कुमुद दोन्ही मुलांना घेऊन गुहागरला असायची. मुलांना बाप म्हणजे फोनमधला आवाज. ती सल त्यांच्या मनात राहिली. सगळ्यांना इकडे आणल्यावर त्यांनी एक नियम केला. मुलं शाळेतून आली की दुपारचं जेवण घरी, चौघांनी एका टेबलाशी. फोन बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवलेला असायचा. तो वाजून वाजून गप्प होई, मोठमोठे सुपरवायझर ताटकळत, पण हे आमटीभात सोडून उठत नसत. मुलांना शाळेत सोडायचे तेही डिलिव्हरीच्या व्हॅनमधून. मैथिलीला त्याची भारी लाज. "बाबा, प्लीज ड्रॉप मी ॲट द कॉर्नर. द व्हॅन स्मेल्स ऑफ अनियन्स." त्यांनी तिचं ऐकलं, काही दिवस कोपऱ्यावर सोडलं आणि मग एका सकाळी थेट गेटाशी नेऊन लांबलचक हॉर्न वाजवला. मैथिलीनेच हे स्वतःच्या लग्नात सगळ्यांना हसून हसून सांगितलं. आता ती अबू धाबीला असते, ऑडिटच्या ऑफिसात नोकरी करते. थोरला सिद्धांत वडिलांच्या हाताखाली किचनमध्ये तयार झाला.

मोदकांचं खूळ कुमुदचं. पहिल्याच चतुर्थीला उकडीत तिने मीठ घातलं आणि मदतीला आलेल्या बाईनेही घातलं. नैवेद्याचं चाखायचं नाही, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही. आमच्याकडे आरती झाली, पाहुण्यांच्या पानात मोदक पडले आणि एकेकाचे चेहरे बघण्यासारखे झाले. मी फोनवर काय सुनावायचं ते सुनावलं. लगोलग खेडेकर दारात हजर. त्यांनी एक मोदक उचलला, उभ्या उभ्या सबंध खाल्ला आणि म्हणाले, "बाप्पा बिचारा काही बोलला नाही. तुम्ही बोललात ते बरं झालं." मग ज्या ज्या घरी मोदक गेले होते तिथे तिथे माफी मागायला स्वतः गेले.

दुसऱ्या कुणी पुढच्या वर्षीपासून गुपचूप चाखायला सुरुवात केली असती. खेडेकरांनी किचनमध्येच गणपती बसवला. पहिल्या वाफेचे मोदक त्याला दाखवायचे, मग घरच्यांनी एकेक खायचा आणि जमले असतील तरच पुढचे डबे भरायचे. मी नियमांची पक्की. म्हटलं, "म्हणजे चाखताच की!"

"चाखत नाही वहिनी, प्रसाद घेतो."

देवाधर्माचा नियम हा माणूस मोडत नसे. त्यात आपल्याला उभं राहायला जागा कुठे आहे ते बघून ठेवी.

तर असे खेडेकर. छातीत कळ आली आणि हॉस्पिटलला पोचायच्या आत संपलं. जेबेल अलीच्या स्मशानात सिद्धांतने अग्नी दिला. कुमुद दगडासारखी बसून होती. मी वरती पिठलं-भात घेऊन जायची आणि खोटं कशाला बोलू, सांत्वन करताना माझ्या डोक्यात मोदक घोळत होते. घराला दहा दिवसांचं सुतक आणि चतुर्थी त्याच्या आतच. सुतकातल्या हातांचा नैवेद्य कुणी देवापुढे ठेवणार नाही. मीही ठेवला नसता.

चौथ्या दिवशी गुहागरहून मैथिलीच्या आत्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. "मैथिली, तुला काय, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस. तुझं फिटलं. आता आपल्या घरी जा, देवाला दिवा लाव."

मैथिली ताडकन म्हणाली, "आत्या, मी पण दहा दिवस पाळणार. सिद्धांतला दहा आणि मला तीन? आय ॲम हिज डॉटर, नॉट अ व्हिजिटर." तिने फोन ठेवला आणि भावाशेजारी चटईवर जाऊन बसली. मी नियमांची पक्की असले तरी मनातून म्हटलं, बरी बोललीस.

त्याच संध्याकाळी मोदकांचा विषय निघालाच. कॅम्पांच्या जेवणाची काळजी नव्हती, ते त्यांचा जुना आचारी जहूर निभावून नेत होता. मोदक वळायला दरवर्षीच्या बायकाही येणार होत्या. पण उकड आणि सारण कायम घरच्यांच्या हातचं. त्याच भरवशावर लोक ऑर्डर देत.

सिद्धांत म्हणाला, "कॅन्सल करू. सगळ्यांना मेसेज टाकतो. लोक समजून घेतील."

"घेतील ना," कुमुद म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती धड वाक्य बोलत होती. "पण त्या दिवशी त्यांच्या पानात काय पडेल? ह्यांनी हो म्हटलंय सगळ्यांना. ह्यांनी हो म्हटलेलं कधी फिरवलंय?"

सिद्धांतने गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, तुम्हा दोघांना किचनमध्ये पाऊल टाकता येणार नाही. बहिणीचं सुतक संपलंय, तिला चालेल. मात्र तिने तुमच्या घरात राहायचं नाही, जेवायचं नाही. स्नान करून बाहेर राहायचं.

फोन संपला. कुमुदने मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तू जा, असं तिला कोण सांगणार? सकाळीच ती आत्याशी भांडली होती. ज्या हक्कासाठी भांडली तोच आता सोडायचा होता, तोही बापाच्या शब्दासाठी.

शेवटी मैथिलीनेच विचारलं, "मला तीनच दिवस ना, आई?"

"तुला दहा पाळायचेत. मी अडवणार नाही," कुमुद म्हणाली.

मैथिली बराच वेळ चटईची काडी मोडत बसली. मग उठली, कपडे बॅगेत भरले आणि माझ्याकडे वळली. "सुनेत्राकाकू, तुमच्याकडे राहू?"

बाप जाऊन आठवडा झाला नव्हता आणि पोर बॅग घेऊन बापाच्या घरातून बाहेर पडली. आम्ही दोघी जिना उतरलो. मी नुसता तिचा हात धरला.

चतुर्थीच्या पहाटे मी तिच्याबरोबर किचनला गेले. मोदकाच्या पाकळ्या तिला धड जमत नाहीत, पण उकडीला बापासारखा हात आहे. वाफ डोळ्यांत जात होती तरी ढवळणं थांबवलं नाही. पहिले मोदक किचनच्या गणपतीला दाखवले. दरवर्षी प्रसाद घ्यायला चौघं असायची, या वेळी ती एकटीच होती. तिने मोदक खाल्ला, मान हलवली आणि बायकांना डबे भरायला सांगितलं.

मग लोक यायला लागले. आले की आधी खेडेकरांबद्दल हळहळायचे आणि मग चाचरत तेच विचारायचे. मी त्यांना दोष देत नाही. मीही विचारलं असतं.

"पण घरी सुतक असेल ना तुमच्या?"

"घरच्यांना आहे," मैथिली डबा पुढे करत म्हणायची. "मी बाहेरची."

एक बाई फारच खोलात शिरल्या. "तू मुलगीच ना त्यांची?"

"लग्न झालंय माझं, मावशी. मी आता त्या घरातली नाही. तुम्ही निर्धास्त घ्या."

हे ती शांतपणे, हसऱ्या चेहऱ्याने बोलत होती. एकदा मी मध्ये पडायला गेले तर तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. शंका घेऊन एकही माणूस तिथून गेला नाही आणि एकही डबा मागे उरला नाही. हॉर्न वाजवत शाळेच्या गेटाशी सोडणाऱ्या बापाची लेक सकाळभर सगळ्यांना सांगत राहिली की ती त्याच्या घरची नाही.

शेवटचा डबा गेला तशी आम्ही टॅक्सीने घरी आलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. मी म्हटलं, "चल, आरती करू आणि चार घास खा. पहाटेपासून उभी आहेस."

"नको काकू, मी वर जेवते."

"अगं, वर जेवलीस तर तुला पुन्हा सुतक लागेल."

"लागू दे," ती म्हणाली.

मी लिफ्टबाहेर पाऊल टाकलं नाही. तिच्याबरोबर वर गेले. कुमुदने दार उघडलं, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. सिद्धांत चटईवर सरकला आणि त्याने बहिणीला जागा केली. मैथिली तिथे बसली आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.