सुनेच्या रोजमेरीला पेज

आमच्या घरात आजवर कुणी तहानेने गेलेलं नाही. सुनेची रोजमेरी गेली, ती पाण्याने.

फ्लेविया, माझी नवी सून, मनोरीची. लग्न होऊन आमच्या मुलुंडच्या घरी आली ती दोन बॅगा आणि तिच्या आईने वाढवलेल्या रोजमेरीची कुंडी घेऊन. (पानं सुयांसारखी, वास औषधी. तिच्या माहेरी चिकनमध्ये घालतात.) तिने ती खिडकीच्या ग्रिलमध्ये माझ्या तुळशीशेजारी ठेवली. महिनाभरात ऑफिसच्या कामाला बंगळूरला निघाली, तेव्हा म्हणाली, "आई, हिला पाणी अगदी कमी हं. माती पूर्ण सुकली तरच. कोरड्या हवेतलं झाड आहे ते."

"तू बिनधास्त जा गं! डोळ्यात तेल घालून सांभाळते."

खरं सांगते, मला धास्तीच होती. पोरगी वेगळ्या घरातून आलेली, तिला हे घर आपलं वाटावं म्हणून मी जिवाचं रान करत होते. आणि तिच्या माहेरची एवढी एकच गोष्ट माझ्या हवाली!

सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालायला गेले, तर शेजारी ही कोरडी ठणठणीत. एकीला तांब्याभर आणि दुसरीला काहीच नाही? पंगतीत असा भेद मी उभ्या जन्मात केलेला नाही. घातलं थोडं. मग रोजच थोडं थोडं.

आठवड्याभरात पानं पिवळी पडली. त्यात समोरच्या कुंदाताई आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "काय गं, सुनेचं झाड सुकलंय. पाणी घालत नाहीस वाटतं?"

झालं! उद्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये बोभाटा, सासूने सुनेचं झाड तहानलेलं ठेवलं! मी त्यांच्यादेखत दोन तांबे ओतले.

झाडाने मान टाकली. आता आमच्या कोकणात आजाऱ्याला काय देतात? पेज! (आजवर माझ्या पेजेने उठला नाही असा माणूस नाही.) गार करून, मीठ न घालता, वाटीभर कुंडीत घातली.

"अगं, ते झाड आहे, जावई नव्हे!" आमचे हे ओरडले.

"तुम्ही गप्प बसा हो. अशक्तपणा आलाय तिला."

दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी चिलटं आणि असा आंबूस वास, की ह्यांनी पेपर घेऊन जिन्यात बसणं पसंत केलं. मी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मग माती सुकावी म्हणून टेबलफॅन लावला, शेवटी हेअर ड्रायरसुद्धा! त्याने उरलीसुरली पानंही गळली.

आणि फ्लेविया दारात!

ती कुंडीकडे बघतच राहिली. मी पदराने कुंडीवरची चिलटं हाकलली. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. "चुकलं गं माझं. तुझ्या आईचं झाड, वाट लावली मी त्याची. पण उपाशी नाही ठेवलं हो!"

"आई, रडू नका ना." तिने बोटाने माती उकरली. "हे काय, भात?"

"पेज."

आधी तिचे डोळे विस्फारले, मग ती जी हसत सुटली! शेंड्याची एक काडी अजून हिरवी होती. ती कापून तिने दुसऱ्या कुंडीत नुसत्या रेतीत खोवली आणि ती कुंडी थेट स्वतःच्या खोलीच्या खिडकीत नेली.

"मरत नाही हो ती अशी," ती म्हणाली. "फक्त थोडं कमी प्रेम करा. आणि आई, जेवतानाही माझ्या ताटात तुम्ही असंच करता."

लागलं मला ते. पण पटलंही. कुणाला किती हवं, ते त्यालाच विचारावं, हे या वयात कळलं एकदाचं! मी डोळे पुसले, तिला जेवायला बसवलं आणि या बोलण्यावर नीट विचार करता करता तिच्या ताटात चौथं घावन वाढलं.